कोरा चहा

चांदी म्हैस दूध देईना, तेव्हा टेकबहादूरनं खुंटीवरचं सोजरबाईचं हिरवं लुगडं काढलं, अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि बादली गुडघ्यांत धरून तो कासेशी बसला.

दत्तोबा कडब्याची पेंढी खांद्यावर घेऊन गोठ्याच्या दारात आला आणि जागीच थांबला. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून हिरवं लुगडं वाकलं होतं. सोजरबाई जाऊन सतरा दिवस झाले होते. पेंढी खांद्यावरून केव्हा घसरली ते त्याला कळलं नाही.

आवाजानं लुगडं वळलं. पदराआडून टेकबहादूरचं तुळतुळीत डोकं बाहेर आलं.

"काढ त्ये," दत्तोबा म्हणाला.

"बा, दोन दिवस झाले, पान्हा चोरतीये. कास बघा, दगड झालाय. आमाचा वास पाहिजे तिला."

"काढ म्हनतो ना."

टेकबहादूरनं काढलं नाही. तो पुन्हा कासेकडे वळला, सडांवर पाण्याचा हात फिरवला आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिला. चांदीनं मान मागं वळवून लुगडं हुंगलं. एक पाय उचलला, ठेवला. मग बादलीच्या तळाला पहिली धार लागली, दुसरी लागली, आणि जरा वेळानं फेस चढून आवाज जाड झाला.

दत्तोबानं पेंढी उचलली, सोडली आणि कडबा सातही म्हशींपुढं टाकला. परत त्यानं लुगड्याचा विषय काढला नाही.

टेकबहादूर धायरीत आला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. नेपाळातल्या अछाम जिल्ह्यातला. पलीकडच्या बांधकामावर राखणीला लागला होता. तापानं फणफणला आणि ठेकेदार त्याला पत्र्याच्या खोपीत टाकून दुसऱ्या साइटवर गेला. सोजरबाईनं आठ दिवस दूधभात नेऊन घातला. उठून बसायला लागला तसा तो गोठ्यात आला आणि न सांगता शेण भरू लागला. घरी म्हशीच होत्या म्हणाला. त्याला दहा वर्षं होऊन गेली. दोन वर्षांतून एकदा दसऱ्याच्या सुमाराला गावी जायचा, बायकोला, पोरीला भेटून महिन्या-दीड महिन्यात परत यायचा. सोजरबाईला आमा म्हणायचा. दत्तोबाला बा.

दहाव्याला नदीवर दत्तोबाच्या पुतण्यानं डोकं केलं. न्हावी वस्तरा पुसून ठेवणार तेवढ्यात टेकबहादूर त्याच्यापुढं मांडी घालून बसला. कुणी बोलावलं नव्हतं. भावकी एकमेकांकडं बघू लागली.

"हा का बोडका झाला?" शकूनं विचारलं. शकू दत्तोबाची एकुलती लेक, वारज्याला दिलेली. रडून तिचे डोळे सुजले होते, तरी नजर धारदार होती.

"असंल त्येंच्यात," दत्तोबा म्हणाला.

"त्यांच्यात काय असतं ते मला माहीत नाही. आपल्यात मुलगा करतो."

त्याच सुमाराला टेकबहादूर कोरा चहा पिऊ लागला. घरात भांडं भरून दूध, आणि हा पाण्यात साखर-पत्ती उकळून गाळायचा. भाकरी चटणीशी खायचा. पूर्वी दुधात कुस्करून खाल्ल्याशिवाय उठायचा नाही.

"पित्त झालं का रं?" दत्तोबानं एकदा विचारलं.

"हां, बा," तो म्हणाला, आणि कप विसळायला उठला.

दत्तोबानं पुढं विचारलं नाही. सोजरबाई असती तर तिनं खोदून विचारलं असतं, जिभेचा रंग बघितला असता, धने भिजत घातले असते. तिच्यामागं दत्तोबाला स्वतःच्याच जेवणाची शुद्ध नव्हती. दोघांपुरतं पीठ मळायचा आणि ताटं तीन घ्यायचा.

गोठा होता ती अकरा गुंठे जागा सोजरबाईची, तिच्या वडिलांनी तिला दिलेली. चहूबाजूंनी इमारती उठल्या होत्या. वरच्या मजल्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून खिडक्या बंद करत. एक बिल्डर दोनदा चहा पिऊन गेला होता. मार्गशीर्ष लागला तशी शकू म्हणाली, "अण्णा, वारस नोंद करून घेऊ. विकायचं नाही म्हणता, नका विकू. पण आईच्या जागी आपली नावं तर लागू देत."

दत्तोबानं धुतलेली टोपी घातली. शकूनं रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, सातबारा पिशवीत घेतला. दोघं तलाठी कार्यालयात गेली. बाकावर माणसं दाटीनं बसली होती. तलाठी भाऊसाहेबांनी रेशनकार्ड उलगडलं आणि बोट फिरवत वाचलं.

"दत्तोबा. सोजरबाई, मयत. शकुंतला, मुलगी. संभाजी, मुलगा." वर बघितलं. "संभाजीला का आणलं नाही? सही लागेल."

शकूच बोलली.

"तो नाहीये, भाऊसाहेब. चौदा महिन्यांचा होता तेव्हाच गेला. मी पाच वर्षांची होते."

"दाखला?"

"त्या वेळी कोण काढायचं दाखले? कार्डावरचं नावसुद्धा कमी करायचं राहून गेलं."

भाऊसाहेबांनी मागच्या फडताळातून मतदार यादीचा गठ्ठा काढला. यादीचं काम त्यांच्याकडंच होतं. पानं उलटली आणि यादी टेबलावर फिरवून शकूपुढं सरकवली.

"संभाजी दत्तोबा. वय एकोणतीस. घर तेच." चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "चौदा महिन्यांचा गेला तो मागच्या खेपेला येऊन मत देऊन गेला. मोठाच कर्तव्यदक्ष."

बाकावर कुणीतरी खिदळलं. दत्तोबानं टोपी पुढं ओढली.

"हे बघा," भाऊसाहेब जरा आवाज उतरवून म्हणाले, "मुलगा असेल तर सहीला आणा. नसेल तर त्याच्या नावावर कोण राहतंय हे मला वर कळवावं लागेल. आठ दिवस थांबतो. वकील बघा."

रस्त्यावर आल्यावर शकू ताडताड पुढं चालत राहिली. बसथांब्याच्या शेडखाली थांबली.

"तोच ना? बहादूर?"

दत्तोबानं मान डोलावली.

"कुणी केलं हे?"

"तुझ्या आईनं."

सांगण्यासारखं फार नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी पलीकडच्या बंगल्यात चोरी झाली आणि पोलीस भागातल्या सगळ्या नेपाळ्यांना कागद विचारत फिरू लागले. दोघंतिघं भिऊन पळूनच गेले. सोजरबाई त्याला गोठ्याबाहेर जाऊ देईना. टेकबहादूर सांगत होता, "आमा, माझ्याजवळ आहे कागद, माझ्या पेटीत." ती म्हणाली, "तुझा नेपाळातला कागद हितं कोन वाचतंय, खुळ्या!" तिनं डब्यातून रेशनकार्ड काढलं. मेलेल्या पोराचं नाव त्यावर तसंच होतं. तिनंच कधी कमी करू दिलं नव्हतं. भागातला पुढारी सर्जेराव तेव्हा निवडणुकीला उभा होता. त्याला ती म्हणाली, "ह्यो आमचा संभाजी." सर्जेराव काय ते समजला आणि हसला. "मावशी, कशाला भिता? मतदार कार्डच करून टाकू. तुमचं काम होतं, माझं एक मत वाढतं." महिन्याभरात टेकबहादूरच्या फोटोखाली संभाजीचं नाव आलं. सोजरबाईनं कार्डाला हळद-कुंकू लावलं होतं. ते मात्र दत्तोबानं शकूला सांगितलं नाही.

"माझ्या भावाचं नाव त्याला दिलंत," शकू म्हणाली. "मला विचारलंत?"

"तू सासरी हुतीस."

"सासरीच होते, मेले नव्हते." बस आली, ती चढली नाही. "आई फोनवर सारखी टेकू असं म्हणाला, टेकूनं असं केलं. मी म्हणायची, असू दे, राबतो बिचारा. आणि हे! आता गोठ्यात तोही वारस. उद्या सर्जेराव त्याला पुढं करून जागा खाईल, तेव्हा तुम्हाला कळेल."

"टेकू तसला न्हाई."

"टेकू नसेल. सर्जेराव आहे ना."

गोपाळकृष्ण वकिलांचं ऑफिस शनिवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानावर होतं. वीस वर्षं दत्तोबा त्यांच्या घरी दूध घालत होता. या खेपेला सोबत टेकबहादूरही होता. तो खुर्चीवर बसेना, दाराला टेकून उभा राहिला. डोक्यावर बोटभर केस आले होते.

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच म्हणाले, "दत्तोबा, तुमच्या दुधात पाणी असायचं, पण ते दिसायचं तरी."

शकूला हसू आलं नाही. दत्तोबालाही नाही.

"तुझ्याकडे तुझ्या देशाचा काही कागद आहे का रे?" वकिलांनी दाराकडं बघून विचारलं.

टेकबहादूरनं सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत दुधाच्या पिशवीचा दुसरा वेढा. त्यात घडीवर घडी घातलेला, कडा झिजलेला कागद. कोपऱ्यात सोळा वर्षांच्या पोराचा फोटो, त्यावर शिक्का. वकिलांनी चष्मा कपाळावर चढवून तो खिडकीच्या उजेडात धरला.

"नागरिकता प्रमाणपत्र. जिल्हा अछाम. टेकबहादूर. हाच का तू?"

"हो साहेब."

"हा कागद तेव्हाही होता?"

"पेटीत होता."

वकिलांनी कागद जपून घडी घालून परत दिला आणि खुर्चीला पाठ टेकली.

"दत्तोबा, आता मी सांगतो ते नीट ऐका, कारण हे तुम्हाला आठ वर्षं आधी ऐकायला हवं होतं. नेपाळच्या माणसाला इथं राहायला, इथं काम करायला, दुकान काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पन्नास सालचा करार आहे दोन देशांचा. आपला माणूस तिथं, त्यांचा माणूस इथं. पोलीस आले असते तर हा एवढा कागद दाखवायचा होता, प्रश्न संपला असता. त्याला फक्त एक गोष्ट करता येत नाही इथं. मत देता येत नाही." ते थांबले. "आणि नेमकी तीच तुम्ही त्याच्याकडून करून घेतलीत. किती वेळा रे?"

"दोन वेळा," टेकबहादूर म्हणाला. "सर्जेराव साहेबांनी गाडी पाठवली होती."

"सरळ माणूस होता. खोट्या कागदानं गुन्हेगार केलात."

खाली दुकानात कुणीतरी पितळेची परात वाजवून बघत होतं.

"सीमेवर कधी कुणी विचारलं नाही साहेब," टेकबहादूर म्हणाला. "पूल चालत ओलांडतो आम्ही. पेटी उघडून बघतात, जाऊ देतात. विचारलं ते इथंच."

"आता काय करायचं?" शकूनं विचारलं.

वकिलांनी सांगितलं. संभाजी लहानपणी वारला, असं प्रतिज्ञापत्र करायचं. भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडायचे. मतदार यादीतलं नाव कमी करायचा अर्ज द्यायचा. त्या नावानं जो इसम राहत होता त्याच्याशी काही नातं नाही, मालमत्तेत त्याचा काही हक्क नाही, हे स्पष्ट लिहायचं. मग वारस दोनच राहतील.

"आन त्यो?" दत्तोबानं विचारलं.

"चौकशी लागेल. खोट्या नावानं मतदान, साधं नाही. सर्जेरावाला कुणी हात लावणार नाही. फोटो याचा आहे." वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "वकील म्हणून मी त्याला इथंच थांब म्हणेन. तुमच्या दुधावर माझी मुलं वाढली म्हणून सांगतो, वकील म्हणून बोलत नाही आता. त्याची आई-बायको कुणी असेल तिकडं, तर भेटून येऊ दे."

"कधी येता येईल परत?" टेकबहादूरनं विचारलं.

"करार तसाच आहे. स्वतःच्या नावानं केव्हाही यावं. पण इथली चौकशी मिटल्याशिवाय आला तर पहिल्या दिवशी आत. वर्ष म्हणा, दोन म्हणा. माझ्या अशिलांत एक पाणंदीच्या वादात म्हातारा झाला."

चार दिवसांनी कचेरीत कागद तयार झाला. त्या चार दिवसांत टेकबहादूरनं गोठ्याची मागची भिंत लिंपली, म्हशींचे खूर तासले, सात दावी नवी वळली. दत्तोबा त्याच्या मागं मागं हिंडत राहिला. एकदा म्हणाला, "जागेत तुझं नाव ऱ्हाऊ दे की. माझा पोरगा म्हनून सांगतो. कोन काय करतंय?" टेकबहादूर दाव्याला पीळ देत म्हणाला, "मग ताई कुठं जाईल, बा? तिला तेवढंच माहेर."

कारकुनानं कागद मोठ्यानं वाचला. 'सदर इसम आमचा कोणीही लागत नाही' इथं आला तेव्हा दत्तोबा म्हणाला, "थांबा."

कारकून थांबला.

"त्येच्या ऐवजी दुसरं काय लिवता येत न्हाई का?"

वकील शेजारीच उभे होते. "काय लिहू? लागतो, पण रक्ताचा नाही? त्याला रकाना नाही, दत्तोबा."

"त्यानं तिच्या आजारपणात..." दत्तोबा सांगू लागला. दोन महिने सोजरबाई अंथरुणाला होती. उचलून बसवायला, न्हाऊ घालायला पाणी तापवायला, पायाचं सूज आलेलं बोट अन् बोट चोळायला कोण होतं? हे सांगायला कचेरीत काही जागा नव्हती. मागं रांग होती. कारकुनानं घड्याळ बघितलं.

"सही करा, बा," दारातून टेकबहादूर म्हणाला.

दत्तोबानं सही केली. त्याला सही करायला नेहमीच वेळ लागायचा. अक्षर एकेक काढायचा. या खेपेला 'बा' काढताना हात थांबला, शकूनं कोपराला हात लावला, मग त्यानं काना ओढला.

बाहेर कडुनिंबाखाली चहाची गाडी होती. शकू झेरॉक्सच्या रांगेत थांबली. दत्तोबानं दोन चहा सांगितले.

"मला कोरा," टेकबहादूर चहावाल्याला म्हणाला.

"कोरा नाही. एकत्रच उकळतो."

"मग राहू दे."

दत्तोबानं आपला ग्लास हातात धरला. वर साय धरत होती.

"आता सांग," तो म्हणाला. "पित्त न्हाई तुला. तीन महिनं बघतोय. पगारावरनं रुसलायस का? का माझ्या घरचं दूध नको झालं?"

टेकबहादूरनं पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली.

"आमच्याकडं आई गेली की वर्षभर दूध खात नाहीत, बा," तो म्हणाला. "मुलगा खात नाही. दूध, दही, खवा, काही नाही. बरखी म्हणजे वर्षश्राद्ध झालं की मग खायचं."

चहावाल्यानं उरलेला चहा चाळणीतून खळकन ओतला. दत्तोबाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. आत कचेरीत त्याच्या सहीवर शिक्का बसत असेल.

"आदी का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुम्ही विचारलं पित्त का, मी हां म्हणालो."

दत्तोबानं ग्लास गाडीच्या कडेला ठेवला. पैसे दिले. चहावाला मागून ओरडला, "मामा, चहा राहिला!" तो वळला नाही.

दुसऱ्या दिवशी दूध काढून झाल्यावर टेकबहादूर निघाला. पत्र्याची पेटी, एक वळकटी. पेटी उघडी होती तेव्हा दत्तोबानं हिरवं लुगडं घडी करून आत ठेवलं होतं. टेकबहादूरनं ते बाहेर काढलं आणि गोठ्यातल्या खुंटीला परत लावलं.

"ने की," दत्तोबा म्हणाला. "तुझ्या आमाचं हाय."

"चांदीला लागेल."

स्वारगेटपर्यंत दत्तोबा सोबत आला. पुढं स्टेशन, दिल्लीची गाडी, तिथून सीमेपर्यंत बस, मग पूल आणि दोन दिवसांची वाट. बसमध्ये दोघांत एकच बोलणं झालं. टेकबहादूर म्हणाला, "धाकट्या रेडीचं जंताचं औषध अमावास्येच्या आत द्या." दत्तोबा म्हणाला, "देतो." स्वारगेटला गर्दीत टेकबहादूर पाया पडायला वाकला, तेवढ्यात मागून धक्का आला आणि पेटीचा कोपरा दत्तोबाच्या नडगीला लागला. तो नडगी चोळत असतानाच टेकबहादूर स्टेशनच्या बसमध्ये चढला. खिडकीत दिसला नाही. दत्तोबा तरी ती बस वळेपर्यंत बघत राहिला.

संध्याकाळी सहा म्हशी त्यानं पिळल्या. बोटं वळेनात, मनगटात कळ भरली. चांदीनं सडाला हातच लावू दिला नाही. लाथ मारून बादली लवंडली. तो बराच वेळ शेणात उकिडवा बसून राहिला. मग उठून त्यानं आतून दाराला कडी घातली, टोपी काढली, खुंटीवरचं लुगडं घेतलं. नेसता कुठं येत होतं? नुसतंच खांद्यावरून, डोक्यावरून ओढून घेतलं. त्याला आता सोजरबाईचा वास राहिला नव्हता. कडब्याचा होता, घामाचा होता, विडीचा थोडा. विडी टेकबहादूर ओढायचा.

चांदीनं मान वळवून हुंगलं. पुन्हा हुंगलं. दत्तोबा तिच्या पोटाला कपाळ टेकून वाट बघत बसला. बऱ्याच वेळानं धार लागली. तेव्हा कुठं तो रडला.

पौष सरता सरता नोंद झाली. शकू नवा सातबारा घेऊन आली. सोजरबाईच्या नावाला कंस झाला होता आणि खाली दोन नावं होती, त्याचं आणि तिचं. येताना ती पेढे घेऊन आली होती. एक आईच्या फोटोपुढं ठेवला, एक बापापुढं धरला.

"घ्या अण्णा. झालं एकदाचं."

दत्तोबानं सातबारा हातात घेतला, नावं बघितली, घडी घालून डब्यात ठेवला. चूल पेटलेली होती. त्यानं पातेल्यातला चहा दोन कपांत गाळला. एका कपात दूध घातलं आणि तो शकूपुढं सरकवला. दुसरा तसाच तोंडाला लावला.

शकूच्या हातात पेढा तसाच होता. ती त्या कपातल्या काळ्या पाण्याकडं बघत राहिली.

"पित्त झालंय का तुम्हाला?"

"हां," दत्तोबा म्हणाला.